फ्लूचं औषध आणि आप्पांचे हात

अहो, ऐकलंत का? या ना जरा, अशा कुंपणापाशी या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे, म्हणून हळू बोलतेय. कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं कळलं की नाही तुम्हाला? छे छे, तसलं काही नाही हो, आप्पा आहेत चांगले... म्हणजे पार्किन्सन्स आहे तो आहेच, तो काय आजचा आहे? पण मागच्या महिन्यात त्या घरात जे रामायण झालं ना, ते सगळं एका फ्लूच्या गोळीवरून. हो, फ्लूच्याच! अमँटाडिन. नाव ऐकलं असेलच तुम्ही, तुमच्या मावससासूबाईंना होती की ती.

थांबा, पहिल्यापासून सांगते. आप्पांचे हात पूर्वी थरथरायचे ते आठवतंय ना? अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत बसायची सारखी. मग लेवोडोपा सुरू झालं आणि माणूस पुन्हा फाटकापर्यंत चालत यायला लागला. चार-पाच वर्षं बरी गेली. आणि गेल्या दिवाळीपासून काय, तर थरथर राहिली बाजूला आणि अख्खं अंगच डोलायला लागलं. मान, खांदे, हात, सगळं. बसल्या जागी! समोरच्या काकू मला म्हणतात कशा, ‘आप्पांना हल्ली गाण्याची गोडी लागलीय, काय छान मान डोलावतात.’ अहो, कसलं गाणं? रेडिओ बंद होता!

ते लेवोडोपाचं डोलणं. बरीच वर्षं ते औषध घेतलं की कित्येकांना होतं तसं. गोळी अंगी लागली की अंग मोकळं होतं, आणि मग नको इतकं मोकळं होतं. डिस्कायनेशिया म्हणतात. बरं, लेवोडोपा कमी करावं तर माणूस खुर्चीत थिजतो. आप्पांच्या बायकोच्या, म्हणजे आपल्या काकूंच्या, भावानं सुचवलं, खाजकुइलीचं चूर्ण द्या. म्हटलं, वा! खाजकुइलीच्या बीत लेवोडोपाच असतं, १९३७ सालीच मद्रासच्या संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलंय, आणि पुढे आपल्या मुंबईतही तिचं चूर्ण कंपवाताच्या रोग्यांना देऊन पाहिलंय. गुण आहेच तिच्यात, नाही कशाला म्हणू? पण आधीच ज्याचं जास्त होतंय, त्याला वरून आणखी तेच? हे मी बोलले नाही हो, मनात म्हटलं. त्या भावाला कोण बोलणार...

तर काय सांगत होते? हां, मिरजेला दाखवायला नेलं. थोरला मुलगा, थोरली सून आणि आप्पा. डॉक्टरांनी आप्पांचं डोलणं पाहिलं, पेला उचलायला लावला, उठून दारापर्यंत चालायला लावलं, आणि चिठ्ठीवर लिहिलं अमँटाडिन. शंभर मिलिग्रॅम, एक सकाळी, एक दुपारी. इथपर्यंत ठीक. पण आपला थोरला माहीत आहे ना तुम्हाला, दारातून बाहेर पडेपर्यंत मोबाइल काढलेला. पहिल्याच ओळीत काय आलं? इन्फ्लुएंझा! झालं. तसाच उलटा फिरला, आत दुसरा पेशंट बसलेला, त्याच्यासमोर म्हणतो, ‘डॉक्टर, माझ्या वडिलांना फ्लू झालेला नाही.’ सून सांगत होती, ‘मामी, मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.’

डॉक्टर मोठे गोड हो. चिडले नाहीत. म्हणाले, ‘बसा. तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगतो.’

आणि ती गोष्ट सुनेनं मला ओट्यापाशी उभ्या उभ्या सांगितली. माझी कढी उतू गेली तिच्यापायी, पण ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतलं बोस्टन. १९६८ सालचा एप्रिल. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डॉक्टर रॉबर्ट श्वाब म्हणून पार्किन्सन्सचे मोठे जाणकार. त्यांच्याकडे एक अठ्ठावन्न वर्षांची बाई यायची, दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी जखडलेली. तिनं डॉक्टरांना सांगितलं, की तीनेक महिन्यांपूर्वी मी फ्लू होऊ नये म्हणून अमँटाडिन घेत होते, शंभर-शंभर दिवसातून दोनदा, आणि तेवढ्या दिवसांत माझा ताठरपणा, थरथर, हालचालीतला मंदपणा, सगळं कितीतरी कमी झालं होतं. सहा आठवड्यांनी औषध बंद केलं, आणि लगेच पहिल्यासारखी झाले.

आता मला सांगा, असं सांगितल्यावर किती जणांनी ऐकून घेतलं असतं? ‘बरं बरं, छान’ म्हणून पुढचा पेशंट बोलावला असता की नाही? श्वाबनी तसं केलं नाही. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तेच औषध तब्बल १६३ पार्किन्सन्सच्या रोग्यांना देऊन पाहिलं, आणि शंभरातल्या सहासष्टांना फरक पडला! १९६९ च्या मे महिन्यात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं, आणि १९७३ मध्ये तिथल्या सरकारनं पार्किन्सन्ससाठी रीतसर मंजुरी दिली. आणि त्या बाईचं नाव? कुठे नाही! डॉक्टरांची नावं छापली, आकडे छापले, ती आपली नुसती ‘एक अठ्ठावन्न वर्षांची बाई’. आहे की नाही? मी म्हटलं सुनेला, तोंड उघडलं ते त्या बाईनं, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

आणि गंमत काय, की ते गुण का देतं हे तेव्हा कुणालाच धड सांगता येईना. पुढे हळूहळू उलगडलं. मेंदूत डोपामिन कमी पडतं तो पार्किन्सन्स, हे तर आता शेंबडं पोरही सांगेल. तर हे औषध उरलंसुरलं डोपामिन जरा जास्त सोडायला लावतं. आणि दुसरं म्हणजे ग्लुटामेट नावाचं जे आहे ना, त्याचा निरोप जिथून आत शिरतो ती एक वाट अडवतं. ते डोलणं त्यामुळेच आवरतं म्हणे. फ्लूच्या विषाणूशी ह्यातल्या कशाचाही संबंध नाही! विषाणूवरचं कामच निराळं. तो पेशीत शिरला की आपलं कवच सोडायला त्याच्या अंगातल्या एका बारीकशा मार्गातून आम्ल आत घ्यावं लागतं, एम-टू म्हणतात त्याला, आणि हे तिथे जाऊन अडकून बसतं. तेही फक्त ए जातीच्या फ्लूत. बी जातीला ह्याची मात्राच चालत नाही.

तर हे सगळं ऐकून थोरल्याचा चेहरा जो उतरला... सून म्हणाली, ‘मामी, लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांना गप्प बसलेलं पाहिलं.’ आणि आप्पा? ते खुर्चीत डोलत डोलत म्हणाले, ‘बाईचं ऐकलं म्हणून शोध लागला, ऐकलंस का रे?’

बरं, औषधाचं खानदान ऐकाल तर थक्क व्हाल. माझी भाची फार्मसीला आहे, तिनंच सगळी वंशावळ उलगडली. मूळ पुरुष अ‍ॅडमँटेन. १९३३ साली चेकोस्लोव्हाकियात खनिज तेलात सापडला. आतली कार्बनची ठेवण थेट हिऱ्यातल्यासारखी. म्हणजे घराणं तेलातलं आणि रूप हिऱ्याचं, आणखी काय पाहिजे? अमँटाडिनला औषधाच्या दुकानात आणलं ड्यूपॉन्टनं. नायलॉनवाले हो तेच! १९६६ साली फ्लूसाठी मंजुरी मिळवली, सिमेट्रेल नाव ठेवलं. मग भावंडं. एक मेमँटिन, अल्झायमरला देतात ते. ते आधी मधुमेहासाठी म्हणून तयार केलेलं, पण साखर तसूभर खाली येईना, म्हणून बिचारं बाजूला पडलं, आणि पुढे विसराळूपणाच्या आजारात कामाला आलं. आणि ऐका, साखरेवर अखेर ह्याच घरातल्या दुसऱ्यानं नाव काढलं. व्हिल्डाग्लिप्टिन! तुमच्या ह्यांच्या सकाळच्या डबीत आहे ना? तेच. त्याच्याही अंगात तोच अ‍ॅडमँटेनचा सांगाडा. म्हणजे बघा, आप्पा आणि तुमचे हे औषधाच्या नात्यानं सोयरेच की!

हसताय काय, खरंच सांगतेय.

बरं, आणि ज्या कामासाठी जन्माला आलं त्या कामावरून मात्र ह्याला काढून टाकलंय. म्हणजे फ्लूवरून हो. झालं काय, की चीनमध्ये हे सर्दी-तापाच्या औषधांतून बिनचिठ्ठीचं मिळायचं, आणि २००५ मध्ये तर बातमी आली की तिथे बर्ड फ्लूसाठी कोंबड्यांनाही चारतायत. कोंबड्यांना! आणि इकडे विषाणूनं एम-टू मधली एक इवलीशी जागा बदलून टाकली, एकतिसाव्या नंबरची. बदलल्यानं त्याचं काही बिघडलं नाही, पण औषध मात्र तिथे टिकेना. २००५-०६ च्या हिवाळ्यात अमेरिकेत एच३एन२ फ्लूचे नमुने तपासले, तर शंभरातले ब्याण्णव ह्या औषधाला दाद न देणारे. जानेवारी २००६ मध्ये तिथल्या सीडीसीनं डॉक्टरांना सांगूनच टाकलं, ह्या हंगामात फ्लूला हे लिहू नका. ते लिहू नका आजतागायत चालू आहे. २००९ मध्ये आपल्याकडे पुण्यात स्वाइन फ्लूनं कसा हाहाकार केला होता, रुमाल बांधून फिरत होतो आपण, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी टॅमिफ्लू. अमँटाडिनचं नाव तरी निघालं का? कसं निघणार? त्या विषाणूवर ते चालतच नव्हतं.

म्हणजे थोरला मोबाइलवर जे वाचून भांडायला गेला ना, ते काम तर त्या औषधाचं केव्हाच सुटलंय. आता त्याचा मान आहे तो आप्पांसारख्यांकडेच. आणखी एक, डोक्याला जबर मार लागून नीट शुद्ध न आलेल्यांनाही देतात. २०१२ साली अशा १८४ जणांवर पाहिलं होतं, चार आठवडे औषध दिलं तोवर त्यांची सुधारणा भराभर झाली. आणि भाची म्हणते, कुत्र्यांच्या सांधेदुखीवरसुद्धा देतात जनावरांचे डॉक्टर. थोरल्याला हे अजून सांगितलेलं नाही. उगाच परत मिरज गाठेल.

तर काय सांगत होते... हां, गुण! गुण आला हो. दोन आठवड्यांत आप्पांचं डोलणं निम्म्यावर. चहाचा कप स्वतः धरायला लागले. काकू तर दारोदार सांगत सुटल्या. आणि तिथेच माशी शिंकली.

सुनेची न्यू जर्सीची नणंद. व्हिडिओ कॉल. तिनं औषधाची वेळ विचारली, ह्यांनी सांगितलं सकाळ-दुपार. ती म्हणाली, ‘अगं, इकडे तर झोपताना देतात!’ आता तीही काही खोटं बोलत नव्हती. अमेरिकेत २०१७ मध्ये खास ह्या डोलण्यासाठी एक वेगळी कॅप्सूल मंजूर झालीय, हळूहळू सुटणारी. ती रात्री घ्यायची म्हणजे सकाळी अंगी लागते. वर्षाचे हजारो डॉलर पडतात म्हणे. पण ती ती, आणि ही आपली साधी गोळी! साधीनं झोप उडते, म्हणून तर दुसरी दुपारीच उरकायची. पण अमेरिकेहून आलेला सल्ला... काकूंनी दुपारची गोळी रात्रीवर नेली. सुनेनं एकदा म्हणून पाहिलं, ‘डॉक्टरांना विचारू या का?’ तर काकू काय म्हणाल्या माहिती आहे? ‘माझी लेक काय अडाणी आहे?’ सुनेनं तोंड मिटलं ते मिटलंच.

मग काय, आप्पांची झोप गेली. रात्रभर टक्क जागे. पायांवर जांभळट जाळी उठली, गुडघ्याखाली, अगदी ठळक. समोरच्या काकूंनी निदान केलं, नागीण! अहो, नागीण अशी दोन्ही पायांवर जाळी विणते होय? ह्या औषधानं होतेच तशी जाळी कित्येकांना. घोटेही सुजतात, तोंड कोरडं पडतं. जाळी दिसायला भीतीदायक, पण सहसा घाबरण्यासारखी नसते, आणि बघायची डॉक्टरांनी. समोरच्या काकूंनी नव्हे!

आणि खरी गोष्ट तर पुढेच. आप्पांना पहाटे तुळशीवृंदावनापाशी मुलं दिसायला लागली. शाळेच्या गणवेशातली. रांगेत बसलेली. आप्पा जन्मभर मास्तर, त्यांना त्यात वावगं काय वाटणार? पण त्यांना कळत होतं बरं का, की ही खरी नाहीत. म्हणून तर घरात चकार शब्द काढला नाही. वेड लागलं म्हणतील ही भीती. सांगितलं कुणाला? कामाच्या मावशींना! सकाळी सहाला मावशी अंगण झाडायला येतात, त्यांना म्हणाले, ‘कडेकडेनं झाडा, पोरं बसलीयत.’ आणि एक दिवस म्हणाले, ‘डब्यात भडंग असेल तर वाटीभर आणून ठेवा, सकाळपासून उपाशी आहेत.’ मावशींनी मुकाट्यानं वाटी आणून ठेवली. चिमण्यांनी खाल्लं असेल. पण मावशी तरी कुणाला सांगणार? ‘लहान तोंडी मोठा घास कशाला,’ म्हणतात.

मग एका रात्री आप्पा त्या पोरांना हाकलायला उठले आणि पायरीवर धडपडले. लागलं नाही फार, पण घरात गोंधळ. धाकटा कोल्हापूरहून आला, त्यानं गोळ्यांचा डबा पाहिला आणि फर्मान काढलं, ‘ही फ्लूची भानगड बंद!’ दोन्ही गोळ्या बंद. एका दिवसात. ना फोन, ना विचारणं. आणि अहो, तिसऱ्या दिवशी आप्पांना अंथरुणातून उठता येईना. अंग असं ताठ, की कूस बदलायला दोघं लागले. घास गिळायला वेळ, बोलणं पुटपुटल्यासारखं. तेव्हा गेली मंडळी धावत मिरजेला.

ह्यावेळी मात्र डॉक्टर चिडले. सून म्हणाली, आवाज चढवला नाही, पण पेन टेबलावर ठेवलं आणि एकेकाकडे बघत राहिले. म्हणाले, ‘हे औषध असं एकदम तोडायचं नसतं. ताप चढतो, माणूस भ्रमात जातो, आयसीयूत न्यायची वेळ येते. कमी करायचं तर आम्ही सांगू तसं, पायरीपायरीनं.’ धाकटा बुटांकडे बघत होता. मग रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन वाढलेलं. हे औषध अंगात फारसं मोडत नाही ना, जवळजवळ आहे तसं लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं थकली की रक्तात साचत जातं. म्हाताऱ्या माणसाला म्हणूनच जपून द्यायचं. आधीची साचलेली मात्रा, वरून रात्रीची वेळ, मग पोरं दिसतील नाहीतर काय!

आणि डॉक्टरांनी विचारलं, ‘ह्यांना काही दिसत होतं का? माणसं, प्राणी, काही?’ सगळे म्हणाले, छे. थोरला म्हणाला छे, धाकटा म्हणाला छे. काकू म्हणाल्या, ‘ह्यांचं डोकं अगदी शाबूत आहे हो!’ आणि मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या मावशी... हो, त्यांना नेलं होतं उचलायला मदत म्हणून... त्या म्हणाल्या, ‘दिसतात की पोरं. सातआठ हाईत. मीच भडंग ठेवती त्यांना.’

अगंबाई! काकूंचा चेहरा मी पाहायला हवा होता. सून म्हणाली, आधी लाल, मग पांढरा, आणि मग पदर तोंडाला. आप्पा मात्र हसले. ताठलेल्या तोंडानं जेवढं हसता येतं तेवढं. डॉक्टरांनी मावशींना खुर्ची दिली बसायला. खुर्ची! आणि कागद पुढे ओढून विचारलं, कधीपासून, किती वाजता, पडदा ओढल्यावर जातात का, आप्पा त्यांना घाबरतात का. मावशींनी सगळं सांगितलं, वारासकट. एक गोळी नुसती सकाळी, बाकी लेवोडोपाच्या वेळा पुन्हा बसवल्या, आणि सांगितलं, पुढच्या वेळी ह्या मावशींना घेऊन या, बाकी कुणी नाही आलं तरी चालेल.

आता तुम्हीच सांगा, काय चुकलं होतं सुनेचं? तिला विचारू दिलं असतं तर? पण आपल्याकडे डॉक्टरपुढे बोलायचं पुरुषांनी, आणि पुरुषांना ठाऊक काय, तर मोबाइलची पहिली ओळ. जो रात्रंदिवस त्या माणसाजवळ असतो त्याला विचारायची पद्धतच नाही. म्हणून मी तर आता ह्यांच्याबरोबर जाते तेव्हा सगळं सांगते. झोप, पोट, पाय, रात्री काय बडबडतात ते, नव्या गोळीनंतर काय बदललं ते, चांगलं असो वाईट असो. हे म्हणतात, ‘किती पाल्हाळ लावतेस.’ म्हटलं, लावणार. डॉक्टरांना नको असेल ते ते गाळतील, त्यांना चांगलं शिकवलंय गाळायला.

आता बरं आहे आप्पांचं. थोडं डोलतात, पण पोरं आली नाहीत परत. काल फाटकाशी भेटले तर म्हणाले, ‘सुट्टी लागली त्यांना.’

आणि एक राहिलंच! निघताना डॉक्टरांनी आप्पांना फ्लूची लस घ्यायला सांगितली. तर थोरला म्हणतो कसा... अहो, तोच तो, ज्यानं आधी भांडण काढलं होतं... म्हणतो, ‘पण फ्लूचं औषध तर चालूच आहे ना त्यांना?’ डॉक्टरांनी नुसतं सुनेकडे पाहिलं. सूनच म्हणाली, ‘त्यानं फ्लू थांबत नाही आता, २००६ पासून. लस लागतेच, दरवर्षी.’ बघा म्हणजे! तर शुक्रवारी सकाळी दहाला नेणार आहेत आप्पांना, त्यांच्या गाडीत मागे जागा आहे. मी आमच्या दोघांची नावं सांगून ठेवलीयत. तुमचं आणि तुमच्या ह्यांचंही सांगू का? त्यांना तर साखर आहे, म्हणजे घ्यायलाच हवी. आणि हो, डबीतल्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून आणा बरं का. सगळ्या गोळ्यांची. ती मागच्या दारची आयुर्वेदिकसुद्धा!